मिशन बोर्डिंगमधल्या मुलांच्या शिक्षणाला हातभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर, बीड, रायगड, पालघर, नंदुरबार या भागांतल्या मिशनच्या बोर्डिंगांना मदत करायची इच्छा असलेली मंडळी आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न वसईतून येवोत, पुण्यातून येवोत की आखातातून, बरेचसे सारखेच असतात. कर आणि परदेशी देणग्यांचे नियम बदलत राहतात, तेव्हा मोठी रक्कम देण्याआधी आपल्या सीएशी एकदा बोलून घ्या.

१. मिशन बोर्डिंग म्हणजे अनाथाश्रम का?

नाही. बहुतेक मुलांना आई-वडील आहेत, घर आहे, गाव आहे. गावात चौथीच्या किंवा सातवीच्या पुढे शाळा नाही, किंवा आई-वडील वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसतात, म्हणून मूल बोर्डिंगमध्ये राहतं आणि शेजारच्या शाळेत जातं. शाळा कधी मिशनची असते, कधी रयतची, कधी जिल्हा परिषदेची.

या बोर्डिंगांची मुळं जुनी आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं. तिथल्या मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेचा जोतीराव फुल्यांवर प्रभाव पडला होता. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांसाठी पंडिता रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं केलं, ते १८९० च्या दशकाच्या अखेरीस. आज हरेगाव, राहुरी, संगमनेर, तलासरी, नवापूर अशा पट्ट्यांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही मिशनांचं काम आहे. मुलं सगळी ख्रिस्ती असतात असं मुळीच नाही. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. सरकारी शिक्षण फुकट आहे ना? मग पैसे कशाला लागतात?

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात आणि दुपारची खिचडीही मिळते. पोरगं नववीत गेलं की पुस्तकं विकत घ्यायची आणि दुपारचा डबा आपला आपण बघायचा. अनुदानित शाळेत फी नसल्यासारखीच असते, त्यामुळे "फीचे पैसे देतो" म्हणणाऱ्या दात्याला आम्हाला बऱ्याचदा समजवावं लागतं की फीची अडचणच नाही. अडचण राहण्याची, जेवणाची, एसटीच्या पासची, वह्यांची आणि गणिताच्या शिकवणीची आहे. नववी-दहावीच्या दोन वर्षांत घरचा खर्च वाढतो आणि त्याच वयात पोरगा हाताशी आला म्हणून घरात त्याची मजुरीही मोजली जाऊ लागते.

३. मुलं शाळा नेमकी कधी सोडतात?

दिवाळीत. वर्षभर मदत करणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

पाथर्डी, शेवगाव, बीड, आष्टी या भागांतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर. म्हातारं माणूस गावात राहणार नसेल तर लेकरू बरोबर जातं. फडात गेल्यावर वाढं (उसाचे शेंडे) गोळा करणं आणि धाकट्या भावंडाला सांभाळणं मोठ्या मुलीकडे येतं. रायगड-पालघरकडच्या कातकरी कुटुंबांचं चक्र असंच, फक्त ऊस नसून वीटभट्टी किंवा कोळशाची भट्टी असते.

बोर्डिंगची मुलं दिवाळीच्या सुट्टीला घरी जातात. सुट्टी संपते तेव्हा रेक्टर फादर किंवा वॉर्डनबाई हजेरी घेतात आणि चार-पाच पेट्या जागच्या जागी दिसतात. पत्र्याची पेटी, वर वही, कुलूप तसंच. मूल मात्र आलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात कोणी गावी जाऊन आणलं तर येतं. पंधरा दिवस गेले की ते कुटुंबाबरोबर कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात पोचलेलं असतं आणि मग या वर्षापुरतं ते गेलंच. म्हणून आमच्या मते नोव्हेंबरमध्ये वॉर्डनला मोटारसायकलच्या पेट्रोलला दिलेले पैसे जूनमध्ये दिलेल्या दप्तरांपेक्षा जास्त कामाला येतात. देणग्या मात्र जूनमध्येच येतात.

४. आम्हाला एका मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचं आहे. मूल निवडता येईल का?

बऱ्याच संस्था अशी सोय देतात. फोटो येतो, वर्षातून दोन पत्रं येतात, निकाल येतो. दात्याला समाधान मिळतं आणि पैसे नियमित येतात, हा फायदा खरा आहे. तरीही आमचा कल याच्या विरुद्ध आहे.

एका खोलीत वीस मुलं झोपतात असं धरा. त्यातल्या एकाला नाताळला परदेशातून खोकं येतं. आत रंगपेट्या, जर्किन, चॉकलेटं. उरलेले एकोणीस त्याच्याभोवती बसून बघतात. शहाणी वॉर्डन ते खोकं ऑफिसात उघडते, चॉकलेटं सगळ्यांत वाटते, जर्किन थंडीत ज्याला नाही त्याला देते आणि मग दात्याला जर्किन घातलेल्या भलत्याच मुलाचा फोटो जाऊ नये म्हणून धडपडते. दुसरी अडचण म्हणजे, मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर दाते रागावतात आणि पैसे थांबवतात, आणि नेमकं तेव्हाच त्याला परत आणायला पैसे हवे असतात. पत्रं लिहून घेण्यात सिस्टरांचे रविवार जातात ते वेगळेच. हुशार, हसरी, गोऱ्या रंगाची मुलं आधी निवडली जातात हेही सांगून टाकतो.

पालकत्वच घ्यायचं असेल तर एका खोलीचं घ्या, किंवा नववीच्या अख्ख्या वर्गाच्या पुस्तकांचं घ्या.

५. मग पैसे कशासाठी दिलेले बरे?

ज्याचा फोटो निघत नाही अशा गोष्टींसाठी. धान्याचंच बघा. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरलं तरी ४० मुलांना दिवसाला १६ किलो लागतं, महिन्याला ४८० किलो. त्यात डाळ, तेल, तिखट, गॅस नाही. सुगीत ज्वारी-बाजरी घेऊन ठेवायला एकरकमी पैसे मिळाले तर वर्षभराचा खर्च बराच उतरतो.

त्याखालोखाल माणसं. स्वयंपाकीण, वॉर्डन, संध्याकाळी दोन तास गणित-इंग्रजी घेणारा गावातलाच एखादा डीएड झालेला मुलगा. दाते "पगाराला पैसे नकोत, मुलांना द्या" म्हणतात. पण पगार पुरत नाही म्हणून चांगली वॉर्डन वर्षात सोडून जाते आणि तिच्यामागे मोठ्या मुली जातात. मुलींच्या बोर्डिंगला न्हाणीघर, दाराची कडी, सॅनिटरी पॅड आणि रात्रभर चालणारा दिवा या चार गोष्टी आधी विचारा.

६. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी पाठवू का?

आधी फोन करा. गाइड आणि नवनीतचे संच चालतात, पण अभ्यासक्रम बदलला नसेल तरच. खेळाचं साहित्य नेहमी चालतं. साड्या, कोट, शिवण उसवलेले कपडे नकोत. कुरिअरच्या पैशात चांगल्या चादरी येतात.

७. मुलाकडे जन्मदाखला नाही, टीसी नाही, आधार नाही. शाळा घेत नाही म्हणते. खरं आहे का?

आठवीपर्यंत शाळेला असं म्हणता येत नाही (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांसाठी प्रश्न १६ पाहा). शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास जादा शिकवून भरून काढायचा. आधार नाही म्हणून प्रवेश अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केलं आहे.

मुख्याध्यापकाची बाजूही समजून घ्या. आधार जुळलेल्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची सरकारी मंजुरी, होते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. त्यामुळे तो कायदा मोडायला बसलेला नसतो, स्वतःचा एक शिक्षक वाचवायला बसलेला असतो. मुलाला आधी पटावर घ्या, आधार आम्ही महिन्याभरात करून आणतो, असं म्हटलं की काम बहुतेक वेळा होतं.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. पहिलीला नाव घालताना गुरुजींनी जे लिहिलं ते मुलाला आयुष्यभर पुरतं. जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहायची पद्धत आहे. कित्येक बोर्डिंगांत अर्ध्या मुलांचा वाढदिवस कागदावर १ जूनला येतो. त्याने फार बिघडत नाही. जातीच्या रकान्यात घाईने काहीतरी लिहिलं तर मात्र बारावीनंतर जात पडताळणीला फेऱ्या सुरू होतात. प्रवेशाच्या दिवशी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा उतारा हाताशी असेल तर तो दाखवून नोंद करा. जन्माची नोंदच नसेल तर वर्षानंतरची नोंद महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाने होते. त्यासाठी अंगणवाडीतलं लसीकरण कार्ड जपून ठेवलेलं असलं की अर्धं काम झालं.

८. ख्रिस्ती मुलांना शिष्यवृत्ती मिळते का? कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण मूल कुठल्या समाजातलं यावर ते ठरतं.

आदिवासी मूल ख्रिस्ती असलं तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे तलासरीच्या वारली किंवा नवापूरच्या मावची मुलाला आदिवासी विकास विभागाच्या योजना लागू होतात. अनुसूचित जातीचं तसं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गातून सवलती मिळतात. नगर जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. एका भावाच्या दाखल्यावर एक, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरं, असंही दिसतं. शिष्यवृत्तीसाठी चुकीचा दाखला काढा असं सुचवणारे एजंट भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, पडताळणीत सगळं बाहेर येतं.

अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली.

जातधर्म न बघता मिळणारी आणि बोर्डिंगांकडून हमखास सुटणारी एक गोष्ट म्हणजे आठवीतली एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. एक अपवाद लक्षात ठेवा. शासकीय वसतिगृहाची सवलत घेणारी मुलं यात बसत नाहीत. देणगीवर चालणाऱ्या बोर्डिंगमधलं मूल बसतं. बोर्डिंगला शासनाचं अनुदान असेल तर अर्ज भरण्याआधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

९. मुलांना प्रार्थनेला बसवतात का? धर्मांतराचा प्रकार तर नाही ना?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. मोकळेपणाने विचारला तरी चालेल.

मिशनच्या बोर्डिंगमध्ये सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते, जेवणाआधी असते, रविवारी उपासना किंवा मिस्सा असते. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. जबाबदार बोर्डिंग प्रवेशाच्या फॉर्मवरच हे विचारतं आणि पालकाला समजेल अशा भाषेत सांगून सही किंवा अंगठा घेतं. तो फॉर्म दाखवा म्हणा. गणपती-दिवाळीला मुलांना घरी सोडतात का, हेही विचारा. नमुना फॉर्म दाखवायला खळखळ करणाऱ्या जागी पैसे देऊ नका, मग ती संस्था कुठल्याही धर्माची असो.

१०. आयकरात सवलत देणारी ८०-जीची पावती मिळेल का?

संस्थेला ते प्रमाणपत्र असेल तरच. चर्चला दिलेली वर्गणी वेगळी, बोर्डिंग चालवणाऱ्या ट्रस्टला दिलेली देणगी वेगळी. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ही सवलत सहसा नसते. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला धरत नाहीत. वस्तूंना सवलत नाही. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर या वजावटीचा उपयोगच नाही. नुसत्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे भरलेल्या माहितीवरून निघणारं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

११. मी परदेशात राहतो. थेट पैसे पाठवू शकतो का?

तुमचा पासपोर्ट कुठला यावर ते आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत असो की डब्लिनमध्ये, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तुम्ही कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहात. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत.

२०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे घेई आणि खेड्यातल्या छोट्या बोर्डिंगांना वाटून देई. ती वाट बंद झाली आणि स्वतःची नोंदणी नसलेल्या छोट्या जागा अडचणीत आल्या. "माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल" ही पळवाट सुचवू नका. त्यात बोर्डिंगची नोंदणी किंवा नोंदणीची आशा जाते, तुमचं काही जात नाही.

१२. वॉर्डनने स्वतःचा गुगल पे नंबर दिला आहे. पाठवू का?

नको. माणूस प्रामाणिक असला तरी नको. ट्रस्टच्या नावाचं खातं मागा.

१३. सहलीसारखं जाऊन मुलांना भेटता येईल का? फोटो टाकू का?

भेटा, पण कळवून, आणि शाळेच्या वेळेत नको. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या पाहुण्यांची सवय मुलांना फार लवकर लागते. ओळखू येईल असा मुलाचा फोटो फेसबुकवर टाकू नका. मुलांच्या खोल्यांत एकट्याने जाऊ नका. कोणी तुम्हाला तसं जाऊ देत असेल तर ती ढिलाई आहे, आपलेपणा समजू नका. काही वावगं दिसलं, कळलं, तर लैंगिक अत्याचाराबाबत तक्रार देणं पॉक्सो कायद्याखाली बंधनकारक आहे. "संस्थेचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

१४. आमच्या गावात आई-वडील वारलेलं मूल आहे. बोर्डिंग ठेवून घेईल का?

आजी, काका असे पालक असतील तर इतर मुलांसारखा प्रवेश होऊ शकतो. कोणीच नसेल, किंवा मूल स्टँडवर सापडलं असेल, तर बोर्डिंगने ते परस्पर ठेवून घेणं बेकायदा आहे. बाल न्याय कायद्यानुसार २४ तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवावं लागतं आणि मूल कुठे राहील हे समिती ठरवते. फादरांनी किंवा पाळकांनी नाही म्हटलं तर ते निर्दयपणाने म्हणत नाहीत.

१५. मुलगा दहावी नापास झाला. आता मदत थांबवावी का?

जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेशही मिळतो. मध्येच शाळा सोडून गेलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. बोर्डिंगचे नियम बहुधा चालू विद्यार्थ्यांपुरते असतात, त्यामुळे नापास पोरगं जूनमध्ये पेटी उचलून घरी जातं आणि दसऱ्याला त्याच्या नावावर उचल येते. त्या तीन-चार महिन्यांत त्याला राहू द्यायला आणि दोन विषयांची शिकवणी लावायला जो खर्च येतो, तो आमच्या हिशेबात बोर्डिंगमधला सर्वांत वसूल होणारा खर्च आहे. फॉर्मच्या तारखा मात्र पाळाव्या लागतात.

१६. मिशनच्या इंग्रजी शाळेत शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांतून गरीब मुलाला प्रवेश मिळेल का?

बहुधा नाही. २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही. त्या निकालाविषयी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. तोवर मुख्याध्यापिकेला विचारणं एवढंच हातात आहे. अनेक शाळा स्वतःहून काही जागा सोडतात. प्रश्न ७ मधली कलमंही अशा शाळेसमोर चालतीलच असं धरू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती चालतात.

१७. ऊसतोड मुलांसाठी सरकारी वसतिगृहं आहेत ना? मग मिशनचं कशाला?

आहेत, आणि जागा मिळत असेल तर आधी तिथेच प्रयत्न करा. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना खास ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे. गावोगावी हंगामी वसतिगृहंही चालतात. आदिवासी मुलांना आश्रमशाळा आणि एकलव्य शाळा आहेत. आम्ही मिशनच्या बोर्डिंगचं नाव तेव्हा सुचवतो, जेव्हा सरकारी जागा भरलेल्या असतात, लांब असतात, किंवा हंगाम सुरू झाला तरी हंगामी वसतिगृहाला मंजुरी आलेली नसते. हे शेवटचं दरसाल कुठे ना कुठे घडतं.

१८. गुप्तदान करायचं आहे. नाव कुठेच नको.

फलकावर, अहवालात, चर्चमधल्या घोषणेत नाव येणार नाही, एवढं संस्था सहज पाळते. नोंदवहीत मात्र नाव-पत्ता लिहावा लागतो, कारण निनावी देणग्यांवर संस्थेला कर बसू शकतो. पाकिटात रोख घालून दानपेटीत टाकलेले पैसे सहसा चर्चच्या खात्यात जातात, बोर्डिंगच्या नाही. बोर्डिंगला पोचवायचे असतील तर पावती फाडून घ्या आणि "नाव जाहीर करू नये" असं पावतीच्या स्थळप्रतीवर लिहायला सांगा.